लंगड्याचा तक्ता

माझा मामा एका पायाने अधू. आम्ही दोघं एकाच छापखान्यात कामाला. तिथे सगळे त्याला लंगडा म्हणायचे, तेही तोंडावर. मी भांडायला उठले की मामा म्हणायचा, "पायाला म्हणतात गं, मला नाही."

छापखान्यात पहिले कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांना आपली अक्षरं कळत नव्हती. मशीनला नुसते आकडे कळतात. कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर, तो तक्ता मामाने डोकेफोड करून बनवला. त्याचं नाव छापखान्यातल्या पोरांनी ठेवलं, चेष्टेत. लंगडा. प्रत्येक फाईलच्या डोक्यावर ते नाव लिहायचं, कॉम्प्युटर ते वाचून तो तक्ता काढणार, मग अक्षरं दिसणार. पुढे त्याच तक्त्याला वरून सरकारी नाव आलं, सगळे आकडे आणि आडव्या रेघा. कॉम्प्युटरमधल्या तक्त्यांच्या यादीत दोन्ही नावं राहिली. शाळेतलं एक नाव आणि घरातलं एक, तसं.

मामाला मूलबाळ नाही. मामी गेली तेव्हापासून तो कधीकधी ती यादी उघडून नुसता बघत बसायचा.

मग छापखान्यावर नव्या मॅनेजर मॅडम आल्या. बाई वाईट नव्हती, तिथेच घोळ झाला. मामाला खुर्ची दिली न् म्हणाल्या, "काका, यादीतला हा 'लंगडा' शब्द तुमचा अपमान करतो. काढून टाकू. एका तक्त्याला एकच नाव."

"बरोबर आहे, मॅडम."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "काय बरोबर आहे? मान काय डोलावलीस?"

"गप गं."

नाव काढलं की जुन्या फायली उघडणार नव्हत्या. म्हणून त्यांच्या डोक्यावर आधी सरकारी नाव घालायचं. काम मामाकडेच आलं, जुनं काय कुठे पडलंय ते त्यालाच ठाऊक. दुखरा पाय स्टुलावर टाकून दिवसच्या दिवस बसला. पुसायचं, आकडे टाकायचे, पुढची फाईल. मी शेजारी जीव जाळत.

शेवटी एकच उरली. पाण्याच्या पंपाचं माहितीपत्रक. मी त्याचा हात धरला.

"ही राहू दे ना मामा. कोण कुत्रं विचारतंय हिला?"

त्याचे डोळे भरले होते. पुसलेही नाहीत.

"एखाद्याचा पंप बंद पडेल," तो म्हणाला. "तो शोधत येईल आणि हे उघडणार नाही. मग त्याने काय करायचं?"

माझा हात हळूच बाजूला केला आणि ते नाव पुसलं.