पाणी बघायचा चष्मा

नानांकडे चष्मा होता, पण तो फक्त बॅटरीचं पाणी बघण्यासाठी. पेपर ते डोळे बारीक करून वाचत, लग्नपत्रिका दुसऱ्याकडून वाचून घेत. सकाळी व्हॅनचं मागचं दार उघडलं की मात्र खिशातून चष्मा निघे. बॅटरीचं एकेक झाकण फिरवून ते आत डोकावत आणि पाणी पुरेसं दिसल्याशिवाय ड्रिलला कुणाला हात लावू देत नसत. मी एकदा म्हटलं, "नाना, एवढं तर डॉक्टरही पेशंटला बघत नाही." ते म्हणाले, "म्हनीसनच पेशंट मरतस."

मी नानांच्या हाताखाली काम शिकत होतो; आम्ही शेतांमध्ये लोखंडी शेड उभारायचो. शेतात दिवसा वीज असेलच असं नाही, म्हणून नानांनी व्हॅनच्या मागे जास्तीची बॅटरी आणि इन्व्हर्टर बसवला होता. त्यावर ड्रिल आणि ग्राइंडर चाले. पुढची बॅटरी फक्त गाडी सुरू करण्यासाठी. दोघींच्या मध्ये एक मोठा खटका होता. इंजिन चालू असताना तो जोडायचा, म्हणजे दोन्ही चार्ज होत. इंजिन बंद केलं की तोडायचा. "दोन्ही सख्ख्या बहिनी शेतस," नाना म्हणत, "पन एकीनं ताट दुसरीले वाढानं नही."

मागची बॅटरी बसली की काम थांबे. नाना इंजिन चालू करत आणि चांगला अर्धा तास सावलीत बसत. मी घाई केली की म्हणत, "लोखंड कोठे पळी नही जास." त्या अर्ध्या तासात ते हटकून अक्काबद्दल बोलत. अक्का म्हणजे सोनगीरची त्यांची थोरली बहीण. आई लहानपणीच गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं. गावातच दिली होती, त्यामुळे सासरच्या चुलीवरची पहिली भाकरी ती पदराखाली लपवून भावाला आणून देई. ही भाकरी मी किमान शंभर वेळा ऐकली होती. खरं सांगतो, मला तिचा कंटाळा आला होता.

असोद्याला केळीच्या शेतात शेडचं काम चाललं होतं. दुपारी नाना मळ्यातल्या घरी जेवायला गेले आणि तेवढ्यात बॅटरी बसली. चारच अँगल कापायचे राहिले होते. इंजिन चालू केलं असतं तर आवाजावरून बॅटरी बसल्याचं ओळखून नाना आले असते, मग पुन्हा अर्धा तास, पुन्हा ती भाकरी. मी खटका जोडला, गाडीच्या बॅटरीवर चारही अँगल कापले आणि खटका परत तोडून ठेवला. शेवटच्या अँगलला ग्राइंडर रडत होता, तरी मी थांबलो नाही.

हात धुऊन बसतो न बसतो तोच नाना धावत आले. फोन आला होता. अक्का गेली. पाचपर्यंत थांबतो, असं सोनगीरचे लोक म्हणाले होते. भावाने आणलेलं माहेरचं लुगडं अंगावर घातल्याशिवाय बहिणीला उचलत नाहीत. नानांनी चावी फिरवली. नुसतं टक् झालं. ढकलून पाहिलं, तरी गाडीत जीव येईना. मागच्या बॅटरीवरून जोडून पाहावं, तर ती आधीच बसलेली. नाना मिनिटभर चावीकडे बघत राहिले. मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मी म्हणालो, "जुनी झाली असेल, नाना."

शेतमालकाने मोटरसायकलवर त्यांना जळगावच्या स्टँडवर सोडलं. तिथून धुळे, धुळ्यात लुगडं घेतलं, मग सोनगीर. लोकांनी सहापर्यंत वाट पाहिली. नाना पोचले तेव्हा चिता पेटली होती. लुगडं पिशवीतच राहिलं.

तेराव्यानंतर ते कामावर आले. चष्मा लावून पुढच्या बॅटरीत बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "पानी देखाले मीच इसरनू व्हसू." जन्मात कधी विसरले नाहीत ते नाना असं म्हणत होते आणि मी शेजारी उभा राहून ड्रिलला वायर गुंडाळत होतो. पुढे त्यांना काहीच खात्रीचं वाटेना. बोल्ट आवळलेला असला तरी पुन्हा आवळायचे, घरी निघाल्यावर अर्ध्या रस्त्यातून खटका बघायला परत यायचे. वर्षभरात त्यांनी काम सोडलं. "मना हातवर मनाच भरोसा नही ऱ्हायना," म्हणाले. व्हॅन मला दिली आणि सोनगीरला राहायला गेले. त्यांच्या हाताला काही झालं नव्हतं. ते माझ्या हाताने केलं होतं.

दर दिवाळीला मी तिकडे जातो. सांगायचंच म्हणून जातो. यंदाही तसाच निघालो, धुळ्यापासून मनात वाक्यं जुळवत गेलो. व्हॅन दारात लागली तसे नाना चष्मा शोधून बाहेर आले. झाकणं फिरवून दोन्ही बॅटऱ्यांचं पाणी बघितलं, खटका चाचपला. अक्काचा मुलगा तिथेच उभा होता. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते त्याला म्हणाले, "यानाकडथीन शिक काही. मी इसरी जास, हाऊ इसरत नही."

आतून चहा आला. मी तो घेतला. नाना म्हणाले, आणखी घे. मी आणखी घेतला.