दादाने न घेतलेली भाकर

"भावजी, दादा गेले तुमचे..." सकाळी वहिनीचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. उरलेली अर्धी दाढी नीट पुरी केली आणि बोरिवलीहून वाकोल्याला निघालो. रडू आलं नाही. दानिएलदादाशी मी सहा महिने बोललो नव्हतो, आणि माझंच बरोबर आहे याची मला पक्की खात्री होती.

दादा माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. आमच्या चर्चच्या रविवारच्या शाळेत तो जन्मभर शिकवत आला. लहानपणी मीही त्याच्यासमोर बसलो. "अन्यायाचा राग यायलाच हवा, प्रभूलाही आला होता," तो सांगायचा. "पण भावाला मूर्ख म्हणालास की तो राग देवाचा राहत नाही, तुझा होतो. आणि शमू, तुझा फार लवकर होतो!" पोरं खिदळायची.

भांडण झालं ते त्याच्या सोसायटीच्या वॉचमनवरून. सेक्रेटरीने म्हाताऱ्या तांबेमामांना भर मीटिंगमध्ये नको नको ते सुनावलं, आणि दादा मान खाली घालून गप्प बसला. मी सहज त्याला भेटायला आलो होतो. दारातूनच ओरडलो, "अरे मूर्खा, रविवारी पोरांना काय शिकवतोस मग?" तांबेमामाच मला आवरायला धावले, "ऱ्हवांदे ओ, ऱ्हवांदे..." दादा पांढराफटक पडला. माझा राग खोटा नव्हता, हे मी आजही म्हणेन. पण त्या क्षणी तांबेमामांचं मला काही पडलं नव्हतं. दादाला एकदाचं खाली बघायला लावल्याची मजा वाटत होती.

त्यानंतर दर महिन्याच्या प्रभुभोजनाला, चर्चमध्ये प्रभूच्या आठवणीत सगळे भाकरीचा तुकडा घेतात तेव्हा, दादा तुकडा न घेताच तबक पुढे द्यायचा. मला वाटलं, रुसलाय, नाटकं करतोय. मी मात्र दर वेळी घेत राहिलो.

दफन झाल्यावर मी पाळकसाहेबांना त्याविषयी विचारलं. ते म्हणाले, "भावाच्या मनात आपल्याविषयी काही असेल तर आधी समेट, मग वेदीपाशी यायचं, हेच शिकवतो ना आपण? दादा म्हणायचे, शमूचं बरोबर आहे, मी बोलायला हवं होतं. त्याने माफ केलं की भाकर घेईन."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तीनदा फोन केला होता त्यांनी. तुम्ही कट केलात."

केला होता... तिन्ही वेळा.

या महिन्यात तबक आलं, तसंच मी पुढे दिलं. उपासनेनंतर पाळकसाहेबांनी माझा हात धरला. "शमुवेल, देव क्षमा करतो हो."

करत असेल. पण माझं भांडण देवाशी नव्हतं.