कच्चा टाका

नवा शर्ट अंगावर चढवला, की टेलरमामा आधी कॉलरमध्ये स्वतःची दोन बोटं सरकवायचे. "जात्यात का? आरामात जात्यात ना?" असं बोटांनाच विचारल्यासारखं विचारायचे. बाही लांब झाली काय आणि पँट आखूड झाली काय, ते पुढचं पुढं. गळ्यात दोन बोटं गेली पाहिजेत.

तुम्हीही असे शिंपी पाहिले असतील, एखाद्या गोष्टीवर अडून बसणारे. कुणी काजं हातानेच करणार, कुणी शनिवारी कापडाला कात्री लावणार नाही. आपण हसतो आणि कपडे घेऊन घरी येतो. मीही हसायचे. शिरूर कासारला आमच्या शाळेसमोर त्यांचं पत्र्याचं दुकान होतं, आणि कुणाच्या गळ्याला काही बांधलेलं त्यांना बघवत नसे. त्यांची मुलगी बऱ्याच वर्षांपूर्वी गेली, एवढं मला ठाऊक होतं. कशी गेली ते कळायला मला दोन वर्षं लागली, आणि तोवर त्यांना नको ते बोलून बसले होते.

शाळेचं स्नेहसंमेलन माझ्याकडे असतं, कारण मी मराठी शिकवते आणि माझा आवाज मोठा आहे. नाटुकलं मीच लिहिते. एका वर्षी त्यात पाण्याचा वीर होता आणि त्याच्यासमोर दुष्काळासुर. आमच्याकडे खरी अडचण पात्रांची. दिवाळीआधी मापं घ्यावीत, तर दिवाळीनंतर निम्मी पात्रं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली. एकदा आमचा राजा कोल्हापूरकडे होता आणि त्याचा अंगरखा इथे खुंटीला. म्हणून मला केप सुचली. केपला माप लागत नाही. जो शिल्लक असेल त्याच्या गळ्यात बांधली, की झाला वीर.

मी मामांना मोबाइलवर चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं.

"ही झूल हाय, मॅडम."

"झूल नाही मामा, केप. वीर लोक घालतात."

"त्येला उडायचं हाय का?"

"स्टेजवर कुठं उडतोय? नुसती मागं फडफडली पाहिजे."

"मंग कावून पायजे? झूल पोळ्याला बैलाच्या पाठीवर टाकत्यात. मिरवून झालं की काढून ठिवत्यात. झूल घालून बैल औताला जुंपलेला बघितलाय का तुमी? ह्यो तुमचा वीर काम करनार का मिरवनार?"

मी म्हणाले, बरं, वीराचं राहू द्या, निदान दुष्काळासुराला तरी काळी शिवा.

"त्येला तर न्हाईच पायजे," मामा म्हणाले. "वाईट मानूस झूल घालून येत आसता तर लई बेस झालं आसतं. लांबून दिसला आसता."

हे वाक्य मी नंतर स्टाफरूममध्ये माझं म्हणून खपवलं. पण हट्ट सोडला नाही. शेवटी त्यांनी दोन्ही केप शिवल्या, फक्त गळ्याला गाठ ठेवली नाही. केप दोन्ही खांद्यांवर कच्च्या टाक्याने टाचायची, हे त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. पक्की शिवण मारण्याआधी कापड जागेवर राहावं म्हणून शिंपी पांढऱ्या दोऱ्याने लांब लांब टाके घालतात ना, तो कच्चा टाका. ओढला की सुटतो.

आणि तो सुटलाच. ऐन लढाईत वीराचा पाय दुष्काळासुराच्या केपवर पडला आणि केप अलगद निघून आली. खाली शाळेचाच पांढरा शर्ट, कोपरावर ठिगळ लावलेला. सगळं मैदान हसलं. मुख्याध्यापकही हसले. मी हसले नाही, कारण नाटक माझं होतं.

संमेलन संपल्या संपल्या मी दुकानात गेले. "मामा, निघाली ना केप!"

त्यांचा चेहरा उजळला. "निघाली? हिसक्यासरशी?"

"हो!"

"बेस झालं."

हा माणूस कामचुकार आहे आणि वर निगरगट्ट आहे, असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं.

पुढच्या वर्षी मी बीडहून भाड्याचे ड्रेस मागवले. सॅटिनच्या चकचकीत सहा केप, प्रत्येकीच्या गळ्याला जाड नाडी. आमचं संमेलन भर दुपारी असतं, लाइटचा भरवसा नसतो म्हणून. पडदा उघडायला अर्धा तास असताना मी मागे गेले, तर मामा जमिनीवर मांडी घालून बसलेले. मांडीवर केप, शेजारी कात्री, आणि सगळ्या नाड्या कापून बाजूला टाकलेल्या. पोरं त्यांच्यापुढे रांगेत उभी, आणि ते एकेकाच्या खांद्याला केप टाचत होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मामा, हे भाड्याचे आहेत! यंदा काम तुम्हाला दिलं नाही, त्याचा असा राग काढताय का?"

पोरांसमोर म्हणाले. चार पालकही होते. मामांनी शेवटची केप टाचली, दोरा दातांनी तोडला, सुई शर्टाला खोचली आणि निघून गेले. पोरांनी माना खाली घातल्या होत्या. त्यांना माहीत होतं ते मला माहीत नव्हतं.

खेळाचे सर हळूच म्हणाले, "मॅडम, त्यांची पोरगी मळणीयंत्रात गेली. ओढणी अडकून."

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी मी दुकानात गेले आणि माफी मागितली. मामांनी मशीनचं चाक हाताने थांबवलं आणि हात तसाच चाकावर ठेवून बसले.

"कॉलेजात जायची," ते म्हणाले. "ओढनी सारखी खांद्यावरनं घसरायची. म्हून म्याच आपल्या मनानं डरेसला शिवून दिली. मशीनवर, डबल टीप मारून. सुट्टी व्हती म्हून शेतात आलती. सोयाबीनची मळनी चालू व्हती. पट्ट्यानं ओढनी धरली."

बाहेरून शाळेची पहिली घंटा ऐकू आली. मी उठले नाही.

"नुसती पिन आसती तर तुटली आसती, मॅडम. कच्चा टाका आसता तर सुटला आसता. माझी टीप काय उसवली न्हाई. लांबलांबून मानसं यायची माझ्याकडं. टेलरची टीप पक्की हाय म्हनायची."

मला रडू आवरेना. त्यांनीच मला तांब्यातून पाणी दिलं. "तुमी कावून रडताय? तुमाला कुठं ठाव व्हतं?"

त्यानंतर आमच्या शाळेतल्या मुलींच्या गणवेशाच्या ओढण्या मामांकडूनच टाचून घ्यायच्या, हे मी मुख्याध्यापकांच्या गळी उतरवलं. मुली कुरकुरायच्या. रोज कुणाची ना कुणाची ओढणी सुटायची. "परत आना, परत टाचून दितो," मामा म्हणायचे. मधल्या सुट्टीत दुकानासमोर मुलींची रांग लागायची. टाका घालून झाला की ते मुलीला सांगायचे, "आता ओढ बगू." तिने ओढलं की टाका सुटायचा, आणि मामा समाधानाने तोच टाका पुन्हा घालायचे. एवढा उलटा कारभार करणारा कारागीर मी दुसरा पाहिला नाही.

पुढच्या संमेलनाला मी नाटकातल्या केपच काढून टाकल्या. वीर साध्या शर्टात, असुरही साध्या शर्टात. मामा तालीम बघायला आले आणि बराच वेळ उभे राहिले.

"पोरं हिरमुसली की हो," ते म्हणाले.

"तुम्हीच म्हणत होतात ना, झूल कशाला?"

"म्हनत व्हतो. पन पोरायला लई हौस हाय. आसू द्या झूल. चांगल्याला बी आन् वाईटाला बी. म्या टाचतो."

गेल्या पावसाळ्यात मामा गेले. चार दिवसांचा ताप, बाकी काही नाही. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. त्या वर्षीच्या ओढण्या मात्र त्यांनी टाचून ठेवल्या होत्या.

दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीतली एक मुलगी माझ्याकडे आली. रागावलेली, हातात ओढणीचा बोळा.

"मॅडम, टेलरमामाचा टाका आजिबात टिकत न्हाई. पप्पांच्या गाडीवर बसले, तर ओढनी सुटून चाकात गेली. बघा ना, समदं वंगण लागलं. पप्पा म्हनले, बीडहून पक्की शिवून आनू."

मी तिच्या गळ्याकडे बघत राहिले. साधा ओरखडासुद्धा नव्हता.

"तुला लागलं का कुठं?"

"मला काय लागतंय? ओढनीच गेली."

मी तिला जवळ घेतलं. ती अवघडून गेली, कारण मी पोरींना जवळ घेणारी बाई नव्हे. तिच्या वडिलांना मी शाळेत बोलावून घेतलं आणि जे सांगायचं ते सांगितलं. ओढणी मात्र मी ठेवून घेतली. ती मला मामांना दाखवायची होती. ते नव्हते, म्हणून मी त्यांच्या घरी मामींकडे गेले.

मामींनी ओढणी उलगडली. टोकाला पांढरा दोरा लोंबत होता.

"पोरगी?"

"वर्गात बसलीय. ओढणी खराब झाली म्हणून चिडलीय."

मामींनी तो दोरा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"त्येंनी तुमाला समदं सांगितलं आसंल," त्या म्हणाल्या.

"सांगितलं."

"मी म्हनले व्हते ते बी?"

"काय?"

"ओढनी पक्की शिवून द्या म्हून मीच मागं लागलते. चार दिस. ते म्हनायचे, पिन लावू दी तिला. मीच आयकलं न्हाई."

"नाही मामी," मी म्हणाले. "ते म्हणाले, त्यांनी आपल्याच मनाने शिवली."

मामी माझ्याकडे बघत राहिल्या. "आसं म्हनले?"

"हो."

"मला वाटायचं, समद्या गावाला ठाव हाय."

मग त्या उठल्या, ओढणी न्हाणीपाशी नेली आणि साबण लावून घासू लागल्या. वंगणाचा डाग असा निघत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. त्या घासत राहिल्या, आणि मी शेजारी बसून तांब्याने पाणी ओतत राहिले.