लामदुआनचं नाक

लामदुआनने सव्वीस वर्षं एकाच दारावर काढली. थायलंडमधल्या पथुमथानीजवळच्या त्या कारखान्यात मसाले, फळं आणि डुकराच्या आंबवलेल्या मांसाचे ‘नॅम’ सॉसेज किरणांखाली ठेवून जंतू मारत. काम झालं की किरणं सोडणारा कोबाल्ट खोल पाण्यात उतरायचा, हिरवा दिवा लागायचा. तरीही लगेच आत जाता येत नसे. आतली हवा बिघडलेली असायची.

जुन्या इंजिनियरने तिला एकदा समजावलं होतं. प्राणवायूचे अणू जोडीने राहतात. किरण आदळला की जोडीतला एखादा इलेक्ट्रॉन उडतो, ती जोडी विजेने भारते आणि फुटते. सुटा अणू दुसऱ्या जोडीला जाऊन चिकटतो आणि तिघांचा ओझोन होतो. नायट्रोजनही फुटतो, दमट हवेत त्याचं आम्ल होतं आणि पेट्या टांगायचे लोखंडी आकडे खातं. ओझोन छाती खातो, एवढं लामदुआनने लक्षात ठेवलं.

ओझोन मोजायचं यंत्र दोन महिन्यांपूर्वी दुरुस्तीला गेलं होतं. तेव्हापासून पंखा दहा मिनिटं चालला की तिने दार किलकिलं करून हुंगायचं आणि ओझोनचा तिखट वास नसला तर होकाराची मान हलवायची, असं तिच्या जुन्या नाकावर भरवसा ठेवून ठरलं होतं. मग माणसं आत जायची.

सोंग्क्रानच्या, म्हणजे थाई नववर्षाच्या, आदल्या आठवड्यात फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागली होती. तरुण इंजिनियर कित्तिफात घाईघाईने आला. सगळ्यांसारखा तोही तिला ‘पा’, म्हणजे मावशी म्हणे.

“पा, वास येतोय का?”

ती दाराला टेकून उभी होती. पाय सुजले होते. छतावरची मोटार फिरत होती, पण हवा ओढल्याची घरघर ऐकू येत नव्हती.

“आत कोणी जायचं नाही.”

“म्हणजे येतोय.”

“नाही. मला कसलाच वास येत नाही, बाबा. गेल्या पावसाळ्यापासून.”

मागे पेट्या लावणारी बुन्मी म्हणाली, “तरीच माझा डबा हिला आवडतो.” कोणी हसलं नाही.

“मग दोन महिने मान कशी हलवत होतात?” कित्तिफातने विचारलं.

“घड्याळ बघून. दहाच्या जागी पंधरा मिनिटं धरत होते.”

“बोलला का नाहीत?”

“एवढ्या नाकावर तर इथे उभी होते. ते गेलं म्हटल्यावर ठेवलं असतं कोणी?”

“आज पंखा हवाच ओढत नाहीये, बघ,” ती वर बोट दाखवत म्हणाली. तो छतावर चढला. पंख्याचा पट्टा तुटून पडला होता, मोटार नुसतीच फिरत होती. नवा पट्टा बसून हवा निघायला तीन तास गेले. गाडीवाले शिव्या देत झोपले. आत जाणार होते ते चौघे भिंतीला टेकून बसून राहिले. त्यांनी तिचे आभार मानले नाहीत, तिनेही अपेक्षा धरली नव्हती.

कित्तिफातने झालं ते वरिष्ठांना लिहून कळवलं. यंत्र नसताना नाकावर भागवलं ही आपलीच चूक, असंही त्यात लिहिलं. आठवड्यात भिंतीवर नवं यंत्र लागलं आणि लामदुआनला पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या टेबलावर बसवलं.

ज्याला ती इतके महिने भीत होती, ते हेच. पहिल्या दिवशी ती खुर्चीवर बसली आणि दुपारच्या आत बसल्याबसल्या झोपली. बुन्मीने तिला उठवलं नाही. तिच्या वाटच्या चिठ्ठ्या स्वतःकडे ओढल्या आणि चिकटवत बसली.