रुमालाची घडी

चुंबक कधी खोटं बोलत नाही, असं मी आयुष्यभर गंभीर चेहऱ्याने सांगत आलोय. एकदा ते बोललं. हे अजून कुणालाही सांगितलेलं नाही — तुम्हालाच सांगतोय.

जुन्या स्पोर्ट्‌स कार तपासून त्यांची किंमत ठरवणं हा माझा व्यवसाय. गंजलेला पत्रा काही लोक पुट्टीने बुजवतात आणि वर झकास रंग मारतात. म्हणून मी गाडीवरून चुंबक फिरवतो. पत्र्याला चिकटतं, पुट्टीवरून घसरतं. रंगाला ओरखडा नको म्हणून मध्ये रुमालाचा एक पदर. एकच; घडी जाड झाली तर चुंबक खऱ्या पत्र्यावरूनही घसरतं.

इंदिरानगरचे कुलकर्णीकाका सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. आपल्या लाल टू-सीटरच्या तपासणीला त्यांनी अख्खी सोसायटी बोलावली होती. गाडीला हार, पुढे नारळ, मग काकांचं भाषण. "नखाएवढी पुट्टी सापडणार नाही," म्हणत त्यांनी साळुंखेअण्णांच्या पाठीवर थाप मारली. अण्णा निपाणीचे, त्याच कारखान्यातले, काकांचे जुने दोस्त. गाडीचा सगळा पत्रा त्यांनी ठोकून बसवला होता.

भाषण लांबलं. ऊन होतं — पण ही काय कारणं झाली? काकांनी माझी ओळख करून दिली आणि नाव चुकवलं. झालं ते एवढंच. मी खाली वाकलो आणि रुमालाची जाड घडी केली.

चुंबक दारावरून घसरलं. बॉनेटवरूनही.

"पुट्टी," मी म्हणालो. "सगळीकडे."

कुणीतरी हसलं. काका वळले. "अण्णा, तू भरलीस?"

"पत्रा हाय गा तो! माझ्या हातानं ठोकलाय. स्वल्प थांब, खरवडून दावतो —"

"रंगाला हात लावायचा नाही!"

रंग काकांनी स्वतः मारला होता. अण्णा चपला घालून निघाले. फाटकापर्यंत हळू चालले. तेवढ्यात मी बोलू शकलो असतो. का नाही बोललो? भीती वाटली म्हणून? नाही. मला मजा येत होती — बस, हेच सांगायचं होतं.

दोघं पुन्हा बोलले नाहीत. अण्णा वारले तेव्हा काका त्यांच्या घरी, चामराजपेटला गेले नाहीत. मी गेलो. अण्णांच्या मुलीने माझे आभार मानले.

गाडी अजून ताडपत्रीखाली आहे. चुंबक आमच्या फ्रिजवर असतं, गॅसची पावती धरून. छान चिकटतं.