डेस्कावरच्या झाडाला पाणी कोणी घातलं?

मंदीच्या काळात आमच्या ऑफिसात पगारवाढ थांबली, बोनस थांबला, शुक्रवारचा फुकट नाश्तासुद्धा थांबला. थांबले नाहीत ते फक्त किस्से! काम कमी आणि धाकधूक जास्त असली की किस्से फार साठतात. फ्रीजमध्ये मागे ढकललेल्या डब्यांसारखं असतं त्यांचं. एक काढायला जावं तर चार अंगावर येतात.

परवाचंच सांगते. केदार आमच्याकडे, डब्लिनजवळ डून लेरीला, जेवायला आला होता. पानं घेईपर्यंत माझ्या नवऱ्याने सहज म्हणून खिडकीतल्या कुंडीला पाणी घालायला तांब्या उचलला मात्र, मी आणि केदार एकदम ओरडलो, "थांब!!"

नवऱ्याच्या हातून तांब्या पडला. "तुमच्या ऑफिसातल्या लोकांना झालंय तरी काय?" तो म्हणाला.

झालं काय, ते ऐकाच आता.

*

डब्लिनच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आम्ही तिघं मराठी. मी टेस्टर. दोष काढणं हे माझं कामच आहे, आणि ते मी ऑफिस सुटल्यावरही चालू ठेवते अशी घरच्यांची तक्रार आहे. केदार ठाण्याचा, डेटाबेस बघायचा. डेटाबेस कधीमधी बंद पडायचा, केदारचं तोंड नाही. आणि तिसरा निखिल, नागपूरचा, आमच्यात सगळ्यात लहान. मला ताई म्हणायचा.

दोन हजार नऊ साल. कपातीची पहिली फेरी झाली होती. कोपऱ्यातल्या काचेच्या मीटिंग रूममध्ये नाव घेऊन बोलवायचे, आणि माणूस बाहेर यायचा तो थेट खोकं शोधायला लागायचा. आमचं तिघांचं निभावलं. पण दुसरी फेरी येणार हे सगळ्यांना माहीत होतं. मला नवऱ्याच्या नोकरीचा आधार, केदार सडाफटिंग. खरी पंचाईत निखिलची. त्याचं वर्क परमिट कंपनीच्या नावावर, आणि बायको पल्लवी गरोदर. तिच्या बाळंतपणासाठी अमरावतीहून तिची आईही येऊन राहिलेली. नोकरी गेली तर सगळं बिऱ्हाड उचलून परत, तेही अशा अवस्थेत!

अशा वातावरणात एका सकाळी एचआरची ब्रीडा ट्रॉली ढकलत आली. ट्रॉलीवर इवल्या इवल्या कुंड्या. सक्युलंट, म्हणजे निवडुंगाची ती जाड पानांची गुबगुबीत भावंडं. प्रत्येकाला एक. कंपनीकडून, मन प्रसन्न राहावं म्हणून!

"नाश्ता बंद केला आणि निवडुंग दिला," केदार म्हणाला. "अजून किती स्पष्ट सांगायचं त्यांनी?"

ब्रीडाने जाता जाता सांगितलं, "याला काही करावं लागत नाही. मारायचं म्हटलं तरी मरत नाही."

घाऊक भावात आणली असणार. कारण ट्रॉलीवरच त्यांची तब्येत बरी दिसत नव्हती. खालची पानं पिवळी, माती चिखलासारखी ओली, आणि रंग असा फिकट की आजारातून उठून थेट कामावर हजर झाल्यासारखी वाटावीत. त्यातलं सगळ्यात मरतुकडं निखिलच्या वाट्याला आलं.

त्याच आठवड्यात पलीकडच्या टीममधल्या शॉनचं झाड आडवं झालं. आणि दोन दिवसांनी शॉनला काचेच्या खोलीत बोलावलं!

झालं! ज्याचं झाड मेलं त्याची नोकरी गेली, हे मजल्यावर सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. इंजिनिअर आहोत आम्ही, अंधश्रद्धा वगैरे मानत नाही. तरीही दुसऱ्या दिवशी प्रत्येकजण दारातून आत आल्यावर कॉम्प्युटर लावायच्या आधी कुंडीत डोकावत होता.

*

निखिलच्या झाडाची पानं गळायला लागली. आपल्याकडे माया दाखवायची एकच पद्धत, खाऊपिऊ घालणं. निखिल सकाळी आल्या आल्या पाणी घालायचा. झाड तरीही सुधारेना. पानं भिजवलेल्या साबुदाण्यासारखी पांढुरकी, पारदर्शक व्हायला लागली. हात लावला की गळून पडायची.

मी टेस्टर ना! तपास सुरू केला. दोघांना कँटीनमध्ये बसवलं आणि विचारलं, "या झाडाला पाणी कोण कोण घालतं?"

निखिल म्हणाला, "मी. सकाळी."

केदार खाली बघत म्हणाला, "मी. निखिल जेवायला गेला की. बिचारं सुकलेलं वाटायचं."

मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"मी फक्त संध्याकाळी, निघताना," मी म्हटलं. "तेही थोडंसंच!"

*

आमचा मॅनेजर डेक्लन. उंच, लाल गालांचा, कायम घाईत असलेला भला माणूस. त्याला त्याच ट्रॉलीवरचं झाड मिळालं होतं, आणि ते त्याच्या केबिनमध्ये प्रेसवर, म्हणजे कपाटावर, मस्त टुणटुणीत बसलं होतं. टच्च पानं, कडेला गुलाबी झाक. बघून जीव जळायचा.

"जा, विचार त्याला काय करतो ते," मी निखिलला पिटाळलं.

निखिल जाऊन आला. "ताई, तो म्हणतो काहीच करत नाही. म्हणे, झाड तिथे आहे हेच विसरलो होतो."

"सांगत नाहीये!" केदार म्हणाला. "मॅनेजर लोक असेच असतात. आतली गोष्ट कधी बाहेर सांगायची नाही."

*

केदारच्या वाट्याला आलेल्या कुंडीत छोटा गोल निवडुंग होता आणि त्याच्या डोक्यावर एक पिवळंधमक फूल. सगळ्यांची झाडं आजारी, याचं मात्र फुललेलं! काय तो तोरा! ठाण्याला आईला फोटो पाठवला. आईने शेजारणीला दाखवला. "फूल बघ, अजून कोमेजलं नाही. हात लागतो एखाद्याचा," असं रोज आम्हाला ऐकवायचा. निखिलला तर त्याने सल्ला दिला होता, "तू झाडाशी बोलत नाहीस, तिथेच चुकतोस. मी रोज बोलतो."

एक दिवस निखिलने कौतुकाने त्या फुलाला नुसतं बोट लावलं. फूल टपकन टेबलावर! निखिल पांढराफटक पडला. मी फूल उचलून उलटं केलं, तर खाली डिंकाचा सुकलेला थेंब. दुकानवाल्याने वाळकं फूल चिकटवून विकलं होतं! मग मी वरचे शोभेचे खडे हलवायला गेले, तर तेही चिक्कीच्या वडीसारखे एका तुकड्यात हातात आले.

केदारने फूल हातात घेऊन तो डिंक नखाने खरवडून पाहिला. शेवटी म्हणाला, "म्हणजे मी इतके दिवस फेव्हिकॉलशी गप्पा मारत होतो?"

*

पुढे इंटरनेटवर वाचून आम्हाला अक्कल आली. ओली माती काढून टाकायची, मुळं वाळू द्यायची, आणि मग भोक असलेल्या कुंडीत लावायचं. आम्ही ऑफिसातच निखिलच्या झाडाचं ऑपरेशन केलं. पण मुळं वाळवायची कुठे? आयर्लंडमध्ये कपडे वाळत नाहीत, तिथे मुळं कधी वाळणार? केदारने जागा शोधली. प्रिंटर! वरून चांगला गरम असतो.

टिश्यूवर झाड उघडं ठेवलं आणि आम्ही चहाला गेलो. तेवढ्यात ब्रीडाने काहीतरी प्रिंट करायला घेतलं. परत येऊन बघतो तर ती प्रिंटरसमोर उभी. एका हातात मातीने माखलेले कागद, आणि नजर त्या उघड्या झाडावर.

"मेलं का ते?" तिने हळू आवाजात विचारलं.

"नाही, वाळतंय," निखिल म्हणाला.

ब्रीडाने कागद झटकले. "आह, ही'ल बी ग्रँड!"

इकडे सगळंच ग्रँड, म्हणजे ठीकठाक, असतं. चहा ग्रँड, हवा ग्रँड, आणि मरणाच्या दारातलं झाडही ग्रँड. आपण मात्र घरी जाऊन विचार करत बसायचं, नेमकं कितपत ग्रँड!

*

मे महिन्यात एका दुपारी चक्क ऊन पडलं. आयर्लंडमध्ये असं ऊन पडलं की कोणी कामावर राहत नाही. आख्खं ऑफिस बाह्या वर करून कार पार्कमध्ये! निखिलच्या झाडाला उजेड कमी पडतोय असं आमचं नवं निदान होतं, म्हणून त्यालाही बाहेर नेऊन एका गाडीच्या टपावर ठेवलं.

संध्याकाळपर्यंत डेक्लनची मान टोमॅटोसारखी लाल, आणि निखिलच्या झाडाला तपकिरी चट्टे. इतके दिवस अंधारात राहिलेलं झाड एकदम उन्हात नेलं तर भाजतं, हे आम्हाला कोण सांगणार?

"नागपूरचा माणूस मी," निखिल कळवळून म्हणाला, "आणि माझं झाड जळलं कुठे? डब्लिनच्या उन्हात!"

ब्रीडा डेक्लनच्या मानेला क्रीम देत होती. केदारने त्या ट्यूबकडे पाहिलं, मग झाडाकडे पाहिलं.

"केदार, खबरदार!" मी म्हटलं.

*

त्यानंतर निखिल झाड घरी घेऊन गेला. त्याच्या सासूबाईंनी, म्हणजे पल्लवीच्या आईने, एका नजरेत निदान केलं.

"दृष्ट लागली हाय याले. काहून नाई लागन? एवढे लोक रोज याच्याकडे पायते!"

मीठ, मोहरी, लाल मिरच्या, सगळं अमरावतीहून सोबत आणलेलंच होतं. त्यांनी झाडावरून व्यवस्थित उतरवलं आणि सगळं गरम तव्यावर टाकलं. मिरच्यांचा धूर छताला लागला न लागला तोच अलार्म सुरू! एका फ्लॅटचा नाही, आख्ख्या बिल्डिंगचा. भुरभुर पावसात सगळे रहिवासी खाली, कोणी बाथरोबमध्ये, कोणी मांजर घेऊन, आणि मध्ये निखिल, कुंडी छातीशी धरून. अग्निशमन दलाचे दोन आडदांड जवान जिना चढून गेले आणि डोळे पुसत, खोकत खाली आले. शेजारपाजारचेही खोकत होते. पल्लवी तर हसू आणि खोकला दोन्ही आवरत कट्ट्यावर टेकली होती.

निखिल सगळ्यांना सॉरी सॉरी म्हणत फिरत होता. सासूबाई मात्र विचारात पडल्या होत्या.

"जावईबापू," त्या शेवटी म्हणाल्या, "दृष्ट असती तं मिरचीचा ठसका लागला नसता. इथं तं आख्खी बिल्डिंग खोकून रायली. म्हंजे दृष्ट नोतीच. याले दुसरंच काई झालं हाय!"

*

आता शेवटचा.

कपातीच्या दुसऱ्या फेरीचा दिवस ठरला. एव्हाना निखिलने झाड परत ऑफिसात आणलं होतं. झाड कसलं, नुसता देठ उरला होता. पान एकही नाही. आदल्या संध्याकाळी निखिल त्या देठाकडे बघत बसला होता. "ताई, पल्लवीला अजून काही बोललो नाही," एवढंच म्हणाला. अंधश्रद्धा वगैरे सगळं मान्य. पण मला रात्रभर तो देठच दिसत होता.

सकाळी मी नेहमीपेक्षा लवकरची डार्ट, म्हणजे इथली लोकल, पकडली. ठरवलं होतं, गुपचूप माझं त्यातल्या त्यात बरं झाड निखिलच्या टेबलावर ठेवायचं आणि त्याचा देठ माझ्याकडे घ्यायचा. काय होईल ते माझं होईल. नवरा कमावता आहे, बघून घेऊ.

पोचले तर निखिलच्या टेबलावर आधीच केदारचा गोल निवडुंग! आणि देठ केदारच्या टेबलावर. केदार खुर्चीत बसून, काही झालंच नाही अशा थाटात पाण्याची बाटली उघडत होता.

"तू?" मी म्हटलं.

"मला काय, मी सडाफटिंग," केदार म्हणाला. "तू लवकर कशी आज?"

मी माझी कुंडी पदराआड... म्हणजे कोटाआड लपवली. तेवढ्यात निखिल आला. त्याने आपल्या टेबलाकडे पाहिलं, केदारच्या टेबलाकडे पाहिलं, आणि देठ उचलायला पुढे झाला. तोच केबिनचं दार उघडून डेक्लन बाहेर आला. चेहरा उतरलेला. आमच्याजवळ येऊन थांबला. त्याची नजर त्या देठावर गेली.

"हे बिचारं कोणाचं?" त्याने विचारलं.

"माझं!" आम्ही तिघंही एकदम म्हणालो.

डेक्लनने एकेकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "निखिल, एक मिनिट येतोस?"

ते दोघं काचेच्या खोलीत गेले. आमच्याकडे डेक्लनची पाठ होती, त्यामुळे आम्हाला फक्त निखिलचा चेहरा दिसत होता, आणि त्यावरून काही कळत नव्हतं. एकदा तर निखिलच हात पुढे करून डेक्लनच्या खांद्यावर ठेवतोय असं दिसलं. केदारने माझा हात घट्ट धरला होता. दुसऱ्या हातात ती उघडी बाटली तशीच.

मग दोघं तिथून डेक्लनच्या केबिनमध्ये गेले, आणि निखिल बाहेर आला तो हातात कुंडी घेऊन. प्रेसवरचं ते टुणटुणीत झाड.

"ताई, यादीत माझं नाव नाहीये," तो म्हणाला. त्याने मागे केबिनकडे मान वळवली. "त्याचं आहे."

मागून डेक्लन आला. कोट घातलेला, काखेत खोकं, खोक्यात चहाचा मग. दारापाशी जाऊन वळला.

"सर," निखिल म्हणाला. एरवी आम्ही त्याला नुसतं डेक्लन म्हणायचो. "सर, याला पाणी किती घालायचं?"

"अजिबात नाही," डेक्लन म्हणाला. "मी कधीच घातलं नाही. नुसतं राहू दे त्याला, ही'ल बी ग्रँड. प्रॉमिस करा, तिघांनीही."

केदारने हातातली बाटली हळूच पाठीमागे लपवली.