एकोणीस नंबर कुठे गेला

आमच्या कंपनीत मला सगळे स्टोअरकाका म्हणतात. इलेक्ट्रॉनिक बोर्डांना लागणारा बारीकसारीक माल मी यादीवर खुणा करत मोजून देतो, आणि यादीत एक नंबर जरी इकडचा तिकडे झाला तरी माझं टाळकं सटकतं. म्हणूनच मी इथे लागलो त्याच आठवड्यात बोर्डांची आखणी करणाऱ्या बाईची न् माझी जुंपली.

तिच्या यादीत भागांच्या नंबरांत आर अठरा होता, आर वीस होता. एकोणीस गायब! पुढे सत्तावीसही नाही, एकतीसही नाही. यादी घेऊन मी तरातरा जिना चढलो.

"बाई, आकडे मोजता येतात ना तुम्हाला? एकोणीस कुठाय?"

"एकोणीस गेला, काका," ती शांतपणे म्हणाली. "चार वर्षांपूर्वीच काढला त्याला."

"मग विसाला एकोणीस करा! रांगेतला माणूस उठला की मागचा पुढे सरकतो, एवढं साधं आहे."

तिने शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाली, "बसा. ओरडून झालं असेल तर दाखवते."

मला नसत्या चौकशांची खोड. बसलो तो बसलोच, आणि मग रोज जेवणाच्या सुट्टीत तिथेच. कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोर्डाचा वरचा थर तांबडा, खालचा निळा. एक थर ती बटण दाबून विझवायची, की त्याच्याखाली झाकलेल्या रेघा दिसायच्या. एका कामाचे सगळे भाग तिने एकत्र बांधलेले. त्यांना ती 'बिऱ्हाडं' म्हणायची. हीटरचं बिऱ्हाड, घंटीचं बिऱ्हाड. एकाला ओढलं की अख्खं बिऱ्हाड भांड्याकुंड्यांसकट सरकायचं. जे हलायलाच नको त्याला कुलूप. मी एकदा माऊस हातात घेऊन घंटीचं बिऱ्हाड बोर्डाबाहेर नेऊन ठेवलं, तर तिने माझ्या हातावर चापटच मारली.

हा बोर्ड लागतो वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या ऊबपेटीत. पेट्या लांबलांबच्या छोट्या दवाखान्यांत जातात, पंधरा-पंधरा वर्षं चालतात. तिथले मेकॅनिक भाग ओळखतात ते नंबरावरून. म्हणून काढलेल्याचा नंबर बाई कुणालाच देत नसे. मला पटलं. उगाच तोंड टाकलं म्हणून लाजही वाटली, पण ते मी तिला कशाला सांगतोय!

मग नवे साहेब आले. टापटिपीचं भारी वेड. एका दुपारी बाईच्या मागे उभे राहून म्हणाले, "या यादीला दात पडलेत की हो! सॉफ्टवेअरमध्ये एक बटण असतं, सगळे नंबर ओळीने लागतात. लावा, आणि चारच्या आत फाईल पाठवा."

"तसं नका करू, साहेब. मेकॅनिक फसतील."

"नवा कागद छापून देऊ. आणि नंबर बघतं कोण एवढं?"

उचलली जीभ लावली टाळ्याला! मी तोंड उघडणार होतो, पण बाईने फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडे एका दवाखान्याचा जुना मेकॅनिक.

"दादा, पेटी गरमच झाली नाही तर पहिल्यांदा काय बदलता?"

"आर वीस! झोपेतून उठवून विचारा."

"आणि कागद?"

"कागद कुठला, बाई! बारा वर्षं झाली. बोर्ड जुना असो की नवा, आधी वीस उपटायचा."

साहेबांनी मघाशीच ते बटण दाबून बघितलं होतं. नव्या नंबरांचा नमुना पडद्यावर उघडा होता, फक्त 'होय' म्हणायचं बाकी होतं. बाईने त्यातल्या विसावर बोट ठेवलं.

"हा आपला जुना एकवीस. पेटी फार तापली की वीज तोडतो तो. दादा हा उपटून याच्या जागी हीटरचा भाग बसवतील. मग वीज तुटणारच नाही."

"आणि आत बाळ!" माझ्या तोंडून निघून गेलं.

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतः 'नाही' दाबलं. "चुकलं माझं," म्हणाले. माणूस वाईट नाही. चारच्या आधी फाईल गेली, एकोणीस नसलेली.

चहाला आम्ही खाली आलो. मला राहवेना. "बाई, मेकॅनिकचं समजलं. पण गेलेल्याची जागा तशीच ठेवायची, हे तुम्हाला सुचलं कसं? सगळेच काही ठेवत नाहीत."

"त्यात सुचायचं काय?" ती कप फिरवत म्हणाली. "मला घरी एकच लेक आहे, काका. आठ वर्षांची. तिला आम्ही धाकटी म्हणतो."

मला उमगायला जरा वेळ लागला. मग गप्प बसायचं सोडून मी विचारलंच, "थोरलीचं नाव काय होतं?"

"तीनच दिवस होती," ती म्हणाली. "नाव ठेवायचं राहून गेलं."